विन्याला मीच टोचलं

मंगळवार, दिवेलागणीला

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "किडनीला इजा झालीय. लघवीला फेस येतो का?" तीन महिने येतोय. प्रोटीन पावडरीमुळं असेल म्हणून सोडून देत होतो. मग त्यांनी विचारलं, "बॉडीसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं घेता?" आधी नाही म्हणालो. का म्हणालो? कुणाला फसवत होतो? शेवटी सगळं सांगितलं. "आजपासून बंद. किडनी किती वाचलीय, ते तपासण्यांनंतर कळेल," एवढंच बोलले.

घरी आलो तर परत तोच फेस. पाणी ओतलं तरी जाईना. पण आता काळजी माझी नव्हती. धाकटा भाऊ विन्या दर रविवारी येतो, तेव्हा दिवाळीपासून त्यालाही मीच टोचतोय. त्याला बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरवायची हौस माझीच.

तो वारणानगरला राहतो. लगेच फोन लावला. "विन्या, इंजेक्शन बंद. उद्या इकडं ये, रक्त तपासायचंय."

तो म्हणाला, "दादा, चार दिस झालं पाय सुजल्यात. बूट चढंना. रविवारी चप्पल घालूनच आलतो, तू चिडशील म्हणून बोललो न्हाय."

मला भिऊन गप्प बसला! आता सकाळची वाट कशी बघू? गाडी काढतोय. त्याला आत्ताच घेऊन येतो.