भरडाच्या बांधावरची जागा

प्रिय धनेशदादा,

तू बरा असशील असं धरून चालते. फोन करता आला असता, पण फोनवर तू "बरी आसस मां?" एवढं विचारतोस, मी "आसंय" म्हणते आणि तू फोन वहिनीच्या हातात देतोस. वीसेक वर्षं आपलं बोलणं एवढंच राहिलं आहे. म्हणून कागद घेऊन बसले. हे जेवून पडले आहेत. ते उठेपर्यंत जमेल तेवढं लिहीन, उठले की मला त्यांच्या मागे मागे फिरावं लागतं. अक्षर बिघडलेलं दिसलं तर समजून घे. हात दुखतात हल्ली, आणि झोपही पुरी होत नाही.

ह्यांच्या विसरण्याबद्दल लेकीने, भक्तीने वहिनीला सांगितलं होतं, तेव्हा तुझ्या कानावर असेलच. सुरुवात मशीनपासून झाली. उभा जन्म ह्यांनी बंदरावरच्या होड्यांची मशीनं खोलली आणि जोडली, आवाज ऐकून बिघाड सांगायचे. एक दिवस सेबॅस्टियनच्या होडीचं मशीन खोलून बसले आणि उन्हं कलली तरी जोडेनात. सेबॅस्टियन बिचारा स्वतःच सगळे भाग गोणपाटात बांधून घेऊन गेला. हे घरी येऊन म्हणाले, हल्ली कंपन्या मशीनं वेगळी बनवतात. मला तेव्हाच कळलं होतं की मशीन तेच आहे. कुडाळच्या डॉक्टरांनी पुढे आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की ह्यात बरं होणं नसतं, सांभाळणं असतं. तेव्हापासून सांभाळते आहे. आंघोळीला चला म्हणून अर्धा तास समजूत घालायची, जेवलेलं असताना जेवलो नाही म्हणून रुसतात तर पुन्हा चार घास द्यायचे. दार उघडं राहिलं की बंदराच्या वाटेला लागतात. पोरगा, मितेश, सकाळीच पर्यटकांची बोट घेऊन जातो, त्याची बायको कट्ट्याच्या बाजारात एका दुकानात कामाला. दिवसभर घरात आम्ही दोघंच.

तक्रार म्हणून लिहीत नाही. सांगायचं आहे ते मे महिन्यातल्या सामन्यांचं.

आपला गाव केवढा, आणि त्यात टीमा दोन. वर भरडाच्या वाडीची लाल, खाली बंदराच्या वाडीची निळी. बाकी अकरा महिने माणसं एकमेकांच्या लग्नाला जातात, एकमेकांचे मासे आणि नारळ घेतात. उन्हाळी भात कापून मळा मोकळा झाला, मुंबईची माणसं सुट्टीला आली आणि चषकाचा मंडप पडला, की तीच माणसं पाणंदीतून जाताना मान फिरवतात. तुला हे मी काय सांगायचं. पण त्या दोन टीमांच्या मध्ये बाईमाणूस कसं जगतं ते मात्र तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. मी भरडातली. आईच्या जुन्या लाल लुगड्याची फडकी करून तू मला काठीला बांधून द्यायचास, ती घेऊन मी बांधावर नाचायचे. लग्न होऊन बंदरात आले. आडनाव बदलतं हे माहीत होतं, टीमही बदलावी लागते हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच मे महिन्यात भरडाच्या फलंदाजाने चेंडू माडांच्या डोक्यावरून मारला आणि मी सासूबाईंच्या शेजारी बसून टाळी वाजवली. त्या रागावल्या नाहीत. फक्त माझा हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

तुम्हा दोघांना मात्र सगळं माफ होतं. हे बंदरातले असूनही भरडाच्या बांधावर तुझ्या शेजारी येऊन बसायचे आणि तिथून बंदराच्या नावाने ओरडायचे. भरडाची माणसं ह्यांच्यावर आंब्याच्या कोयी फेकायची, तू हसायचास. शाळेपासून एका बाकावर बसलेले तुम्ही, तुमच्या त्या दोस्तीतूनच तर माझं लग्न जमलं. तू घरी येऊन बाबांना म्हणालास, "गंगाराम आसा, आनी कोणाक कित्याक बघतात?" मी आत नारळ खवत होते, सगळं ऐकत होते. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

वीसेक वर्षांपूर्वीच्या त्या फायनलबद्दल आपण कधीच बोललो नाही. शेवटचा चेंडू होता, बंदराला एका सिक्सची गरज. चेंडू उंच गेला आणि भरडाच्या पोराने अगदी दोरीजवळ, तुमच्या समोरच तो झेलला. त्याचा पाय दोरीला लागला की नाही ते पंचाला दिसलं नाही. सगळ्यांत जवळ तुम्ही दोघे, एक इकडचा, एक तिकडचा, दोघेही खोटं न बोलणारे म्हणून गावात नाव असलेले. पंचाने येऊन तुम्हालाच विचारलं. हे म्हणाले लागला. तू म्हणालास नाय लागलो. हे म्हणाले, "धनेश, तू खोटा बोलतस." मी कोकम सरबताची किटली घेऊन तुमच्या पाठीशी उभी होते. तू उठलास आणि म्हणालास, "तुका भयण दिली, भरड नाय दिलो." आणि हे म्हणाले, "मगे घेवन जा तिका."

पंचाने आउट दिला. भरडाची माणसं नाचायला लागली, पण तू नाचला नाहीस. किटली मी तिथेच बांधावर ठेवली आणि घरी येऊन भात टाकला. मला कुणी नेलं नाही आणि मी कुठे गेले नाही. ह्यांनी त्या वाक्याबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही. माफी मागितली नाही, पण त्या दिवसापासून भरडाच्या बांधावर पाऊलही टाकलं नाही. तू पुढच्या पावसाळ्यात दोडामार्गला रबराची बाग घेतलीस आणि तिकडेच राहिलास, माणसं म्हणाली रबराचे दिवस आहेत, बरं केलंन. आई गेली तेव्हा तू आलास, तर खांदा देतानाही तुम्ही दोघे दोन बाजूंना. वहिनीने मला एकदा विचारलं होतं, तू तर तिथेच होतीस, पाय लागला होता की नाही? मी काय सांगणार? त्या वेळी मी दोरीकडे बघतच नव्हते. तुम्हा दोघांकडे बघत होते.

आता यंदाचं. बंदराच्या टीमचा कप्तान आपला मितेश आहे. पहिल्या सामन्याला मी ह्यांना घेऊन गेले, म्हटलं चार माणसांत बसतील, बरं वाटेल. बंदराच्या बाजूला खुर्चीत बसवलं आणि पाण्याची बाटली भरायला वळले. परत येते तर खुर्ची रिकामी. खेळ चालू होता आणि हे मळ्याच्या मधून चालत पलीकडे निघाले होते, अगदी स्टंपांच्या बाजूने. गोलंदाज थांबला. हे भरडाच्या बांधावर गेले आणि कोपऱ्यात, तुम्ही बसायचात तिथेच बसले. खांद्यावरचा पंचा काढला, घडी करून शेजारच्या जागेवर ठेवला. आणि भरडाने चौकार मारला तशी टाळ्या वाजवायला लागले.

मायकावर बोलणारा पोरगा नवा होता. त्याने गंमत केली, "गंगारामकाकांनी पार्टी बदलली" म्हणाला. सगळा मळा हसला. मितेश समोर फील्डिंगला उभा होता. बापाला आजार आहे हे त्याला कळत नाही असं नाही, पण त्या वेळी त्याचा चेहरा उतरला तो मी पाहिला. सामना सोडून तो तरातरा बांधावर गेला आणि ह्यांचा दंड धरून उठवू लागला. मी धापा टाकत पोचले तेव्हा तो म्हणत होता, "बाबा, चला, ही आपली बाजू नाय." हे उठेनात. वयाच्या मानाने अंगात जोर अजून आहे. म्हणाले, "मी हयच बसतलंय. धनेश येतलो." मितेश म्हणाला, "धनेशमामा येवचो नाय, आनी तुमी भरडाक टाळये कित्याक मारतात?" तर हे त्याच्याकडे असं बघायला लागले, जणू त्यालाच काही समजत नाही. म्हणाले, "धनेशाची टीम आसा ती. तो येयपर्यंत कोणीतरी टाळये मारूक नको?"

मितेशने दंड सोडला. टोपी खाली ओढून परत मळ्यात गेला. मी तिथेच बांधावर टेकले, पण पंचा ठेवलेल्या जागेवर नाही. तिथे त्यांनी मला बसू दिलं नाही.

त्यानंतर प्रत्येक सामन्याला हे असंच चाललं आहे. मी आता बंदराच्या बाजूला नेतच नाही, सरळ भरडाच्या बांधावर नेते. काशीबाई, आपल्या शेजारची, आता पार वाकली आहे, पण न चुकता चहा घेऊन येते आणि ह्यांच्या पेल्याबरोबर पंच्याशेजारी एक पेला तुझाही ठेवून जाते. तो निवतो, मग मी पिते. मायकावरचा पोरगा दुसऱ्या दिवशी घरी येऊन पाया पडून गेला. त्याला कुणी पाठवलं ते मी विचारलं नाही. बंदरातली एकदोन माणसं कुजबुजतात, भरडवाले उगाच कौतुक करतात, मला दोन्हीचा आता सारखाच कंटाळा आला आहे. दादा, मी थकले आहे. कोण जिंकलं हे विचारायचीसुद्धा ताकद राहत नाही संध्याकाळपर्यंत.

येत्या रविवारी फायनल आहे. बंदर आणि भरड. मितेशनेच परवा विषय काढला. म्हणाला, मामाला कळव. मी म्हटलं, तो येणार नाही. तो म्हणाला, तू कळव तर खरी.

तरीही मी लिहिलं नसतं. तुम्ही पुरुषांनी एका दोरीवरून घातलेला घोळ, त्यात मी पुन्हा कशाला पडू, असंच मनात होतं. पण काल एक झालं. सकाळी मी अंगण झाडत होते. हे फाटकातून आत आले, बंदरापर्यंत जाऊन आले असावेत. चपला पायरीखाली नीट काढून ठेवल्या, असं ते घरी कधीच करत नाहीत. आणि ओटीच्या अगदी कडेला बसले, परक्याच्या घरी बसावं तसे. मी केरसुणी ठेवून पाणी आणून दिलं. तांब्या घेतला, माझ्याकडे निरखून बघितलं, आणि ओळख पटल्यासारखे हसले. म्हणाले, "तू धनेशाची भयण मां गो? धनेश खंय गेलो?" मी म्हटलं, बागेत गेला आहे, येईल. म्हणाले, "बरा. मी थांबतंय." दुपारपर्यंत ते तिथेच थांबले. मी जेवायला बोलावलं तर लाजले, म्हणाले धनेश येऊ दे, मग बसू. संसार, मुलं, ही सगळी वर्षं त्यांच्या डोक्यातून गेली आहेत, आणि मी त्यांची बायको आहे हे मी किती वेळा सांगू? एकदा सांगून बघितलं, तर घाबरले. पण धनेशची बहीण म्हटल्यावर माझ्या हातून पाणी घेतात, जेवतात, डोक्याला तेल लावू देतात. डॉक्टर म्हणतात, जे उरलं आहे तेही जाईल. ह्या घरात मी आता तुझी बहीण म्हणूनच आहे, दादा. ज्या दिवशी ते तुला विसरतील, त्या दिवशी मी त्यांची कुणीच राहणार नाही. म्हणून लिहिते आहे. त्यांच्याशी भांडण मिटवायला येऊ नकोस, त्यांना ते आठवतच नाही, आणि तुला आठवत असेल तर ते फाटकाबाहेर ठेव. रविवारी सकाळच्या गाडीने ये, बांधावर त्यांच्या शेजारी बस, आणि मी तुझी बहीण, त्यांना दिलेली, हे त्यांना तुझ्या तोंडाने सांग.

तुझीच,
स्वप्ना