हो म्हणजे दाबलं नव्हे

नीगाता, ६ एप्रिल २००४

चि. फुसाएस ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडचा बर्फ सरला, पण माझे गुडघे अजून हिवाळ्यातच आहेत. तुझं पत्र वाचून झोप उडाली. बाबांच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला आई घाटावरच्या देवळात जाणार ती बाबांच्याच गाडीतून, नाहीतर जाणारच नाही, हा कसला हट्ट? त्याच घाटाच्या उतारावर त्या गाडीचे ब्रेक तापून गेले होते. मी अकरा वर्षांची, तू माझ्या मांडीवर. बाबा पायडल दाबतायत आणि गाडी आपली चाललीय. गवताच्या उंचवट्यावर चढवली तेव्हा थांबली. तुझ्या शिगेओंना सांग, भाड्याची गाडी करा. आईला त्या डब्यात बसवणार असाल, तर मी श्राद्धाला येणार नाही.

रागावले तरी माया तीच, हे जाणून अस.

तुझी तोकिए

*

काकेगावा, २५ एप्रिल

ती. ताईस फुसाएचा नमस्कार, वि. वि.

चहाची पहिली तोडणी सुरू झालीय, नव्या चहाचा डबा वेगळा पाठवलाय.

तू म्हणतेस ते खोटं नाही. म्हणून तर यांनी पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायला घेतले. याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचे, भंगारवाल्याच्या आवारात मिळाले. घासूनपुसून आतली रबरं नवी घातली. यांचं काम बघत बसावंसं वाटतं, ताई. प्रत्येक नट आधी बोटांनी, मग पान्याने, शेवटी मापाच्या पान्याने. हवा तेवढा आवळला की तो पाना कट् वाजतो, मग नटावर पांढरी रेघ. रेघ नसेल तर तो नट लावलेलाच नाही असं समजायचं, म्हणतात. जुने ब्रेक-शू मी धुऊन बाबांच्या फोटोपुढे ठेवले. आई म्हणाली, या ब्रेकांनीच तर दगा दिला, त्यांना कसली उदबत्ती?

आता माझी फजिती ऐक. ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. मी पायडल दाबून धरायचं आणि तसं सांगायचं. हे खालून निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करून तेल आणि हवा सोडणार, ते आवळलं की मग मी पाय उचलायचा. तीन दिवस झाले तरी पायडल आपलं पावासारखं मऊ. यांनी बिचाऱ्यांनी सगळे जोड पुन्हा उघडून पाहिले. चौथ्या दिवशी ओसरीवर मटार सोलता सोलता आई म्हणाली, शिगेओ, हिचं हो खरं धरू नका, ही रेडिओलासुद्धा हो हो म्हणते. खरंच होतं. हे काही बोलले की मी सवयीने, हो. ऐकतेय, एवढाच त्याचा अर्थ. यांना वाटे, दाबलं. निपल उघडत, नेमका तेव्हा माझा पाय वर येत असे, आणि हवा परत आत. यांनी गाडीखालून डोकं काढलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, वीस वर्षं मी या होवर संसार केला.

आता मला दोनच शब्दांची परवानगी आहे, दाबलं आणि सोडलं. पायडल दगडासारखं झालंय. तपासणी केंद्रातूनही गाडी पास झाली. तू ये, आधी स्वतः चालवून बघ, मग हवं तेवढं रागाव.

लोभ असू दे, राग थोडा कमी कर.

तुझी फुसाए

*

नीगाता, २० मे

चि. फुसाएस आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तिथे तोंडाने सांगणं जमलं नाही, म्हणून लिहिते. देवळातून उतरताना मागे बसून मी सारा घाट पायाने गाडीचा तळ दाबत होते. तू पाहिलंस आणि हसली नाहीस.

मधल्या वळणावर आईने थांबा म्हटलं आणि गाडी टपरीच्या दारासमोर अलगद उभी राहिली. तू तांदळाच्या गरम, गोड अमाझाकेचे कप आणायला उतरलीस, तेव्हा आई मला म्हणाली, त्या दिवशी तुझ्या बाबांना इथेच थांबायचं होतं. मला थंडी वाजत होती, गरम काही पाजावं म्हणून त्यांनी पायडल दाबलं, आणि आपण या दारासमोरून तसेच पुढे गेलो. नंतर गाडीचं नाव काढलं की त्यांना तेवढंच आठवायचं. तुझ्या हातचा कप तिने दोन्ही हातांनी धरला, आधी बाबांच्या सीटकडे उचलला आणि मग प्यायली. तिथे शिगेओ बसले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला.

त्यांना म्हणावं, मागच्या चाकांचे ब्रेक कधी बदलायला घेताय? हवा काढायला मी येईन. माझ्या तोंडून हो सहसा निघत नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहे.

आहे ती माया अशीच राहो.

तुझी ताई