बॉयलर आणि दोन गाळण्या

इपोह, चिनी नव्या वर्षाचा सातवा दिवस

ति. पोह कुएन ताई,

नव्या वर्षाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तू, भावोजी आणि तुमचं ते उद्धट मांजर तैपिंगमध्ये सुखात असाल. इकडे आई एकदम ठणठणीत आहे. परवाच तिने माझ्यावर चप्पल उगारली.

त्याचं झालं असं. उद्या मला पन्नास पूर्ण होतात. गंभीर आजाराचा विमा त्याआधी घेतला तर हप्ता कमी बसतो. कधी मी आडवा झालो तर कॉफीचं दुकान बंद, आणि लेकीच्या, हुई मिनच्या, कॉलेजची अजून दोन वर्षं बाकी, म्हणून घ्यायचा तर होताच. पण मी वर्षभर टाळलं (तू ओळखतेसच मला) आणि नेमका सणाच्या या पंधरा दिवसांत सापडलो. या दिवसांत आपल्या घरात आजाराचं नाव काढायचं नाही, आणि आई तर दुकानातच कलिंगडाच्या बिया सोलत बसलेली. मी तोंडातून 'कॅन्स' एवढंच काढलं आणि चप्पल दिसली.

पण ताई, विमावाल्या योक लान बाईंना मी मानलं! दोन संत्री घेऊन आल्या, आईच्या पाया पडल्यासारखं वाकल्या आणि एकाही आजाराचं नाव न घेता अख्खी पॉलिसी समजावली. एक हात छातीवर ठेवून दुसऱ्याने कॉफीच्या बॉयलरकडे बोट दाखवत म्हणाल्या, "याची नळी तुंबली आणि बाहेरूनच साफ झाली, तर थोडे पैसे. उघडून नळ्या बदलाव्या लागल्या, तर सगळे, एकरकमी." मग कॉफीच्या दोन कापडी गाळण्या उचलून पाठीमागे कमरेच्या दोन बाजूंना धरल्या. एक फाटली तर काही मिळत नाही, कारण एका गाळणीवर दुकान चालतं. दोन्ही गेल्या तरच पैसे. पहिल्या तीन महिन्यांत काही बिघडलं तर ते धरत नाहीत. आणि हे पैसे मेकॅनिकच्या बिलासाठी नव्हेत (त्याला दवाखान्याचा विमा वेगळा), शटर बंद असेल तेव्हा घर चालावं म्हणून. मी एकशेवीस आजारांच्या यादीवर भाळलो होतो (पदार्थ जास्त ते हॉटेल चांगलं, हा माझा हिशेब). बाई हसल्या. म्हणाल्या, यादी मोजू नका. सुरुवातीच्या टप्प्याला काही देतात का आणि 'बिघाड' नेमकं कशाला म्हणतात, तेवढं वाचा. इतकं सरळ मला आजवर कुणी काही शिकवलेलं नाही, शाळेतसुद्धा.

घोळ पुढे झाला. आईने सगळं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बॉयलरवाल्या मुतूला बोलावलं. त्याने चांगला चाललेला बॉयलर उघडला, मग त्याला तो पुन्हा जोडता येईना. ऐन सणात दोन दिवस गिऱ्हाइकांना आपण चिनी चहा पाजला, तोही घरच्या स्टोव्हवरचा.

असो. डॉक्टरी तपासणी झाली. माझा बॉयलर आणि दोन्ही गाळण्या उत्तम असल्याचं लेखी मिळालंय. सगळ्यांना नमस्कार आणि मांजराला एक चापट.

तुझा धाकटा,
वाय कीत

ता. क. एक राहिलंच. फॉर्मवर विचारलंय, वडील कशाने गेले? आपल्याला तर 'वारा लागला' एवढंच सांगितलेलं. बाई म्हणाल्या, खोटं किंवा अर्धवट लिहिलंत तर ऐन वेळी पैसे नाकारतील. म्हणून मी फॉर्म तसाच ठेवून दिला होता.

ता. क. २. हे पाकीट बंद करत होतो तेवढ्यात आई आली. बिया सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बापाचा बॉयलर चांगला होता रे. गाळण्या गेल्या. दोन्ही. एकेचाळिसाव्या वर्षी." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही सणात! मग म्हणाली, "आणि पोह कुएनला विचार. सहा आठवडे पिनांगला केक शिकायला गेली होती म्हणे. आजवर एक केक आला का तिच्या घरून?"

ता. क. ३. फॉर्ममध्ये भावंडांच्या तब्येतीचा रकाना आहे, पण मी त्याच्यासाठी विचारत नाही. वडिलांचं खरं लिहिलंय. हप्ता वाढला तर वाढू दे, नाही म्हणाले तरी चालेल. सोळाव्या दिवशी आईला घेऊन पहिल्या बसने येतोय. तोवर आजाराचं नाव घेऊ नकोस, फक्त फोनवर सांग: बॉयलर की गाळण्या? गाळण्या असतील तर घाबरू नकोस. माझ्याकडे दोन आहेत, आणि एका गाळणीवर दुकान चालतं.