पाच आणे गाय

॥ श्री ॥

अल हिलाल, दोहा
१० ऑक्टोबर १९९९

ति. सौ. आईंना,
उल्काचा सा. न. वि. वि.

पत्र आणि भाजणी दोन्ही पोचलं. पत्र मी आधी उघडलं आणि भाजणी तुमच्या चि. संजीवने, त्यामुळे थालीपिठं त्याच रात्री झाली.

वसुबारसेला काय करतेस म्हणून विचारलंत. इथे आल्यापासून मी चांदीच्या गाईलाच ओवाळत आलेय, पण यंदा खरी मिळणार आहे. खालच्या मजल्यावरच्या तेरेसाचा नवरा कामिल, वसईचा, शहराबाहेरच्या एका मजरावर म्हणजे इथल्या शेतावर जनावरं सांभाळतो. मालकाने अमेरिकेहून मांसासाठी एक संकरित जात आणलीय, तिला बीफालो म्हणतात. तिच्या कुळात तिकडचा बायसन आहे, आपल्या गव्याचा भाऊबंद म्हणा. कामिलच्या हिशेबाने आठ आण्यांतले पाच आणे गाय आणि तीन आणे बायसन. अंगावर केस इतके की पाहूनच उकडतं. त्यांतली एक नुकतीच व्यायलीय. हे तिचं शेवटचं वासरू, ते सुटं झालं की तिची कापायला जायची पाळी, असं कामिल सहज बोलून गेला. मला ऐकून कसंतरीच झालं.

इथल्या मराठी मंडळातल्या चौघी आत्ताच साड्या ठरवतायत. पण आई, असली गाय पूजेला चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर चांदीची आहेच.

आबासाहेबांना नमस्कार. आठवण काढत जा, उचकी लागली की बरं वाटतं.
तुमची,
उल्का

*

॥ श्री ॥

नाशिक
२० ऑक्टोबर १९९९

चि. सौ. उल्का हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, दिल्लीचं सरकार एका मताने पडलं, इथे तर गाईकडे दोन आण्यांचं बहुमत आहे, बिनधास्त ओवाळ म्हणावं. त्यांचं सोड. मी म्हणते, ती पाच आणे गाय असेल, पण आई सोळा आणे आहे. वासराला पाजते ना? मग झालं.

त्या दिवशी तुला गहू नाही, गाईचं दूध नाही, हे सांगायला नकोच. उडदाचे वडे कर. नैवेद्य तिने तुझ्या हातून खाल्ला पाहिजे, नुसता पुढे ठेवून पळून येऊ नकोस. हात आखडता घेऊ नकोस, लेकरांसाठीचं व्रत आहे. आणि तिला नावाने हाक मारून ओवाळ. बिननावाच्या गाईला कसलं गाऱ्हाणं घालणार?

धवलला म्हणावं, आजीला मराठीत दोन ओळी लिही. इंग्रजी पत्राला मी उत्तर देणार नाही.

माया आहे तशीच आहे, अंतरावर जाऊ नकोस.
तुझी,
आई

*

॥ श्री ॥

दोहा
६ नोव्हेंबर १९९९

ति. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

आई, फार वाईट झालंय. दिवाळीचं काही करण्यात मन लागत नाही.

गुरुवारी आम्ही पाचजणी मजरावर गेलो. गाय गरीब, वासरू गोड, पूजा मनासारखी झाली. कामिलने बजावलं होतं की एक घास द्या, ती सुक्या चाऱ्यावरची आहे. मग तो दुसऱ्या गोठ्यात गेला आणि तो एक घास प्रत्येकीने आपल्यापुरता धरला. घास तरी कसला, माझे वडे, कुणाचा गूळभात, कुणाचे भिजवलेले हरभरे, पाचही ताटं चाटूनपुसून रिकामी. आपल्या हातून खाल्लं म्हणून आम्ही धन्य झालो आणि रात्री तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

डॉक्टरांनी नळी घालून वारा काढला, तेल पाजलं. पण अजून ती उठत नाही, रवंथ करत नाही. बाहेरच्यांना आत घ्यायची परवानगी नसताना कामिलने माझ्या शब्दाखातर आम्हाला नेलं होतं. मालक प्रवासातून सोमवारी येतायत. गाय गेली तर कामिलची नोकरी गेली, आणि इथे नोकरी गेली की व्हिसाही गेला.

तेरेसाचं मात्र मनाला लागलं. फक्त फराळ दिलेला माझा डबा तिने घासूनपुसून रिकामा परत पाठवला. इतक्या वर्षांत आमचे डबे कधी रिकामे फिरले नव्हते. तो पाहून मी रडले.

देवापाशी बसा थोडं.
उल्का

*

॥ श्री ॥

दोहा
१३ नोव्हेंबर १९९९

ति. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

सुटलो एकदाचे. आधीच्या पत्राआधी हेच पोचावं असं वाटतंय.

रविवारी सकाळी ती उठली आणि रवंथ करू लागली. कामिल स्वतः वर येऊन सांगून गेला. तरी मालकांपासून लपवायचं नाही असं मी आणि संजीवने ठरवलं आणि त्यांच्यासमोर उभे राहिलो. वयस्कर माणूस, मोडकं हिंदी बोलतात. मी म्हटलं, चूक माझी आहे, कामिलने एकच घास सांगितला होता. ते बराच वेळ रागावले, कामिललाही बोलले. मग पूजा कशासाठी होती ते विचारलं. मी म्हटलं, लेकरं सुखी राहावीत म्हणून. तर म्हणाले, प्रार्थनेत नाव कुणाचं घेतलं?

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. तिच्या कानाला नुसता नंबर होता आणि तुम्ही तर नावाने हाक मारायला सांगितलेली. ओवाळताना डोळ्यांपुढे तुम्हीच होतात, तोंडून तुमचंच नाव गेलं. शशिकला. मी मालकांनाही तेच सांगितलं. रागावू नका.

त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. म्हणाले, माझ्या एकूणएक उंटांना नावं आहेत, नाव ठेवलेलं जनावर मी कापत नाही. खलास, म्हणजे विषय संपला. शशिकला आता मरेपर्यंत गोठ्यात राहणार आणि कामिल तिच्यापाशी. पुढच्या वर्षी सुका चारा आणा, एवढं मात्र दटावून सांगितलं.

संध्याकाळी तेरेसा स्वतः वर आली. डब्यात भरून फुगे होते, तिच्या माहेरच्या पद्धतीचे तळलेले मैद्याचे गोळे, अजून गरम. आम्ही दोघी खात बसलो.

रागावलात तरी पत्र पाठवा.
उल्का

*

॥ श्री ॥

नाशिक
२५ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. उल्का हिस,
आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, देवाने एवढी दया केली. नाहीतर मी अन्न सोडलं असतं आणि दोन शशिकला एकदम आजारी पडल्या असत्या.

सासूचं नाव केसाळ गाईला ठेवणारी सून अख्ख्या नाशकात मिळायची नाही. आबासाहेब दोन दिवस मला हरभरे पुढे करतायत. मीही रागावायचं ठरवलं होतं, जमलं नाही. हात आखडता घेऊ नकोस हे मीच लिहिलं होतं ना? कामिलला आणि तेरेसाला माझा आशीर्वाद सांग. त्यांचा डबा भरून पाठव, सोबत भाजणी पाठवतेय.

उल्का, माझ्या नावावर आजवर गॅसचं कनेक्शन तेवढं होतं. आता एक जीव आहे. काल देवापुढे बसले तर तेच आठवून डोळे भरून आले.

लोभ दोघींवर सारखा ठेव. चारा तिला, पत्रं मला.
तुझी,
दोन पायांची शशिकला