उजवा प्रसाद

बाबा, काल दादाचा सत्कार झाला. प्रयोगशाळेतून निवृत्त झाला म्हणून पेडण्यात आपल्या शाळेनं शाल दिली. भाषणात त्यानं तुमचं नाव चार वेळा घेतलं. माझं एकदाही नाही. जेवताना मात्र माझ्या पानाशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "तेव्हा तूच नाका म्हटलंस ना गो बाय? नाहीतर माझ्यासारखी तूही शास्त्रज्ञ झाली असतीस." मी नको म्हटलं, असं त्याला तुम्ही सांगितलं होतंत, हे मला इतक्या वर्षांनी काल कळलं.

भाषेच्या आंदोलनात रस्त्यावर झाडं आडवी टाकली होती, ते दिवस आठवतात का? गाड्या बंद, दादा घरी अडकलेला. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटर मशीनमधून निघालेले लांबच लांब कागद त्यानं ओटीवर पसरले होते. खाडीला भरती किती येईल त्याचे आकडे. मी भाकरी थापता थापता वाकून बघते आणि म्हणते, "अष्टमीक उधाण खंय येता रे दादा?" तो हसला, "मशीनाक पंचांग कळना गो." पण अष्टमीला पाणी मंद असतं, उधाण अवसे-पुनवेचं, हे उपासतापास करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मी कालनिर्णय आणून त्याच्यापुढे ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याला सापडलं, चंद्राचा हिशोब एक आठवडा पुढे धरला होता. तुम्ही तेव्हा काय म्हणालात? "भावाच्या चुका काढतेस? भाकरी करपली बघ." करपली नव्हती.

पुढल्या खेपेस दादा माझ्यासाठी अर्ज घेऊन आला. मशीनमध्ये आकडे भरायला माणसं हवी होती, मॅट्रिक चालत होती, पुढचं शिक्षण नोकरी करून घेता आलं असतं. तुम्ही म्हणालात, देवीला विचारू. मी नेमकी बाहेरची होते, देवळात येणं शक्य नव्हतं. मागल्या दारी बसून जप केला. तुम्ही आलात आणि चपला काढता काढता म्हणालात, "उजवा दिला." प्रसाद लावताना मूर्तीवर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी आधी पडली की देवीचा होकार, हे मला तुम्हीच शिकवलेलं. मी त्या आनंदात अर्ज भरून तुमच्याकडे दिला, अक्षर इतकं सुंदर काढलं की तसं पुन्हा कधी जमलं नाही. आठ दिवसांनी साखळी गावचे लोक मला बघायला आले. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "ह्या स्थळाला देवीनं उजवा दिलाय." अर्जाचं तुम्ही देवीला विचारलंच नव्हतं. देवीच्या शब्दापुढे मी काय बोलणार?

दादा बोटीवरून समुद्रात गेला, परदेशी गेला, कपाटाएवढी मशीन टेबलावर मावेपर्यंत त्याच प्रयोगशाळेत राहिला आणि शेवटी त्या विभागाचा मुख्य झाला. मी साखळीत खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ रोज देवांवरून पुसली. नवरा वाईट नव्हता, तेही सांगते. पण तुम्ही शाळामास्तर होतात. दुसऱ्यांच्या मुलींना शिकवा म्हणून दारोदार फिरायचात. दादाला शहरात पाठवताना देवीला काहीच विचारलं नव्हतंत. ते मी देवापुढे बसूनसुद्धा माफ करू शकले नाही.

तरी काल दादाला मी म्हटलं, "होय रे, भ्यालें." ही माया समजू नका. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही खोटं वागलात हे त्याला सांगायला मला काही वाटलं नसतं. पण मग त्यानं विचारलं असतं, "प्रसाद कुठल्या गोष्टीसाठी लावला, ते तू विचारलं नाहीस?" आणि बाबा, तेवढंच मी विचारलं नव्हतं.