खुब्जच्या गोळीवर चिलापी

अझैबा, शनिवार

प्रिय डॅडी,

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. धाकट्या नॅटलीला सांगा, खोकलाही थांबला.

काल सुट्टी होती. ऑफिसातला रत्नागिरीचा मुनीर मला निझव्याच्या वाटेवरच्या एका छोट्या धरणावर घेऊन गेला. गेल्या महिन्यातल्या पावसाने तिथे आपल्या बावखलाच्या तळ्याएवढं गोडं पाणी साचलंय. आखातातल्या या खडकात गांडूळ कुठून मिळणार? म्हणून खुब्ज, म्हणजे इथली रोटी, भिजवून मळली आणि तिची गोळी गळाला लावली. चार तासांत एकच चिलापी लागली, वीतभर. तुमच्या शिस्तीप्रमाणे पहिला मासा मी पाण्याला परत दिला. मुनीर ओरडला, "अरे, मी कालवणाचा मसाला घेऊन आलोय!"

नंतर एकही लागला नाही. लागणार कसा? मुनीर गप्प बसेल तर ना! मागुरासाठी गळ टाकून बसलो की तुम्ही मला खोकूही द्यायचा नाहीत.

तुम्ही बावखलावर जाता ना? मम्मी गेल्यापासून तुमचा गळ माळ्यावरच आहे, असं नॅटली म्हणाली. फोनवरही तुम्ही "हं" म्हणता आणि गप्प होता. तरी मी फोन ठेवत नाही. दोरी हलली नाही म्हणून गुंडाळायची नसते, हे तुम्हीच शिकवलंत.

पण डॅडी, उद्या मिस्सा झाल्यावर मी फोन करीन, तेव्हा दोरीला एक हिसका तरी द्या.

देव तुमचं बरं करो.

तुमचा,
रसेल