फाटकाशी उभ्या गाई

४ मार्च
आज कारखान्यात गावांकडून दुधाचा एकही टँकर आला नाही! आले ते बंदरावरचे ट्रक. पोती, पोती आणि पोती. पावडर. वर परकी लिपी आणि हसणाऱ्या गाईचं चित्र.
साहेब म्हणाले, "दोन्ही सरकारांचा करार झालाय. त्यांची पावडर आपल्या दुधाहून स्वस्त पडते. आजपासून गोठ्यांचं दूध घ्यायचं नाही."
पाणी घाला, ढवळा, पिशव्या भरा. झालं दूध! मी लॅबमध्ये नमुना चाखला. वाईट नाही. चांगलंही नाही. शेऱ्यात काय लिहावं सुचेना, 'ठीक' लिहिलं.
दादाचा फोन. "आमच्या दुधाचं काय करू मग?" गाय म्हणजे काय नळ आहे, बंद करायला!

७ मार्च
दादाकडे जाऊन आले. फुकट वाटून झालं. आता शेजारीपाजारीही नको म्हणतात – प्रत्येकाच्या गोठ्यात तेच. वहिनी कॅन उचलते आणि ओढ्यात रिकामे करते. पूर्वी माझ्याशी तासन्‌तास बोलायची. आज पाठ फिरवून कॅन घासत राहिली. मी त्या कारखान्यातली ना!

८ मार्च
ओढा पांढरा झालाय. कुत्रीसुद्धा तोंड लावत नाहीत.

११ मार्च
सकाळी कामावर गेले तर फाटकाशी गाई. रस्ता भरून, पार वळणापर्यंत. सोबत माणूस एकही नाही! गळ्यात दावी नाहीत. कानातले बिल्ले काढून टाकलेले – ओरबाडून नाही, कुणीतरी जपून, न दुखवता कापलेले. सगळ्यांची तोंडं कारखान्याकडे. आणि हंबरत नाहीत. एवढी जनावरं, आणि आवाज फक्त श्वासाचा.
वॉचमन म्हणाला, "येताना नाही पाहिल्या हो ताई. मान वर केली तर होत्याच."
त्यांत दादाची ठिपकी आहे. मी ओळखणार नाही होय? ती जन्मली तेव्हा माझ्याच ओढणीने पुसली होती तिला.
सुटल्यावर तडक दादाकडे. गोठा धुतलेला, कोरडा ठणठणीत.
"दादा, ठिपकी फाटकाशी उभी आहे."
"कोण ठिपकी?"
वहिनीने मान वर केली नाही. मी घरोघर विचारलं. सगळे आदराने बोलले, पाणी दिलं. कुणाचीच गाय हरवलेली नाही!

१२ मार्च
कासा तटतटल्यात. दूध आपोआप गळतंय, रस्त्यावर चिखल झालाय. धारेची वेळ झाली की सगळ्या एकदम एक पाऊल पुढे येतात. फक्त एक. फाटक आत वाकलंय. साहेबांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. "कुणी हात लावायचा नाही! हात लावला की त्या आपल्या झाल्या."

१३ मार्च
राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेले, ठिपकीपाशी बसले. भांडं नव्हतं. धार जमिनीवरच काढली. ती थरथरली, मग हळूहळू सैलावली. मला इतकं बरं वाटलं!
मग पाठीला ऊब जाणवली. वळून बघते तर बाकीच्या माझ्या मागे येऊन उभ्या. रांगेत. ढकलाढकली नाही, घाई नाही. दुसरीची काढली. तिसरीची. पुढे बोटं वळेचनात. रांग होती तेवढीच. शेवटी उठले आणि चालू लागले – आणि त्यांनी मला वाट करून दिली. एकीने तरी शिंग उगारायचं होतं!
घरी येते तर दादा पायरीवर बसलेला. चहा नको म्हणाला. मग जमिनीकडे बघत, "मागचा डावा सड आधी घेतलास ना? नाहीतर दुखतं तिला."
माझ्या तोंडून निघून गेलं – "कुणाला?"
नको होतं बोलायला. चपला घालून निघून गेला. वळून पाहिलं नाही.

१४ मार्च
गाई गेल्या.
गाडीच्या चाकांची खूण कुठेच नाही. फक्त खुरांचे ठसे. चिखलातून डांबरी रस्त्यावर, तिथून दुधाचे थेंब बंदराच्या दिशेने. धक्क्याच्या अलीकडे थेंब संपतात. पलीकडे पाणी. एका हमालाला विचारलं. "गाई? ताई, इथे नुसता येणारा माल. इथून जात काहीच नाही."

२ एप्रिल
कारखाना जोरात. नवं यंत्र आलं. साहेब शीळ घालत फिरतात.
कामावर जाताना मुद्दाम दादाच्या आळीतून गेले. धारेची वेळ. प्रत्येक रिकाम्या गोठ्याच्या दारात माणूस उभा होता. हात लोंबकळत, बोटं आपोआप मिटताहेत, उघडताहेत. दादाही. मी "दादा!" म्हटलं. त्याने मला वाट करून दिली.

१९ एप्रिल
जहाज येणार नाही. त्यांच्या देशाने पावडर बाहेर पाठवणं बंद केलं – त्यांनाच पुरेना म्हणे. कारखान्याची गाडी दुपारपासून दारोदार फिरतेय. "दूध घाला, मागाल तो भाव!" आळीत एक दार उघडलं नाही. आत्ता माझ्या दाराशी थांबलीय. साहेब "ताई, ताई, तुमच्या भावाला तरी सांगा" करताहेत – ताई म्हणाले ते पहिल्यांदाच.
मी आतून कडी लावली.